टीचर, कुर्डी बरय

2011च्या फेब्रुवारीत मी गोव्यातल्या सांगे तालुक्यात जनगणनेच्या कामावर होते. शाळा सुटली की फॉर्मांची पिशवी उचलायची आणि वाडे-कुर्डीच्या, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावच्या लोकांच्या, वसाहतीत घरोघर जायचं. 9 तारखेला सुरू झालेलं काम 28च्या आत उरकायचं होतं. हे फॉर्म पुढे यंत्र वाचणार होतं, म्हणून कागदाला घडी चालत नव्हती, डाग चालत नव्हता, चौकटीबाहेर गेलेला आकडाही चालत नव्हता. पिशवीत मी एक जाड पुठ्ठा घालून ठेवला होता. दुपारच्या उन्हात हाताला घाम यायचा आणि कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल धरून लिहायची सवय लागली होती.

त्या दिवशी एका घराच्या सोप्यावर एक आजी अळसांद्याच्या शेंगा सोलत बसली होती. सूप मांडीवर, शेंगा डाव्या बाजूला, सालं उजव्या बाजूला. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा, सून, नातू यांची माहिती तिनेच सांगितली, न अडखळता, प्रत्येकाच्या जन्माच्या तिथीसकट. मग तिच्या स्वतःच्या रकान्यांवर आम्ही आलो. नाव, वय, शिक्षण. ‘जन्मस्थान’ असं विचारलं तेव्हा तिने शेंगेवरून नजर वर न उचलता सांगितलं, “कुर्डी.”

पुढचा रकाना होता याआधीचं राहण्याचं ठिकाण. “कुर्डी.” तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन वाड्यांचं अंतर.

त्याच्या पुढचा रकाना स्थलांतराच्या कारणाचा. तिथे शब्द लिहायचा नसतो, सातांपैकी एक आकडा लिहायचा असतो. नोकरी-रोजगार 1, व्यवसाय 2, शिक्षण 3, लग्न 4, जन्मानंतर हलवलं 5, कुटुंबाबरोबर आले 6, अन्य 7. मी पेन धरून थांबले. नोकरीसाठी ती आली नव्हती, लग्न होऊन तर मुळीच नव्हती. कुटुंबाबरोबर आली म्हणावं, तर अख्खं कुटुंब, शेजार, वाडा, देव, सगळेच आले होते. कुणामागून कोण आलं असं सांगणार? मी 7 लिहिला.

तिला वाचता येत नव्हतं, पण मी थबकले होते हे तिच्या ध्यानात आलं होतं. “कितें बरयलें गे?” तिने विचारलं. मी म्हटलं, “अन्य.”

“अन्य म्हणजे कितें?”

मी ‘दुसरं काहीतरी’ असं सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि फॉर्मवर, अगदी चौकटीच्या शेजारी, बोट टेकवलं. “टीचर, कुर्डी बरय.” कुर्डी लिही. जन्म कुर्डी, घर कुर्डी, आणि इथे येण्याचं कारणही कुर्डी. तिच्या बोटाचा ओलसर ठसा कागदावर उठला. तो फॉर्म यंत्राने वाचला की परत टाकला, मला कधी कळलं नाही.

आता 2027च्या जनगणनेची तयारी चालली आहे. 2021ची झालीच नाही. सोळा वर्षांनी पुन्हा कुणीतरी त्या वसाहतीत जाईल, बहुधा हातात मोबाइल घेऊन. त्या निमित्ताने हे सगळं वर आलं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या गोव्यात मोजणी आणि नाव यांचं नातं फार जुनं आहे. तालुक्यांची नावं बोलून बघा. तीस वाड्यांची तिसवाडी. बारा देशांचा बारदेश. सहासष्ट वस्त्यांची सासष्टी, जिला आपण साष्टी म्हणतो. मुंबईशेजारच्या साष्टी बेटाच्या नावातही हाच आकडा आहे. सत्तर गावांची सत्तरी. आमच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात जुने महाल होते, त्यांत एक अष्टाग्रहार, म्हणजे आठांचा, आणि जांबावलीकडचा पंचमहाल. कधीतरी कुणीतरी उभं राहून गावं मोजली आणि जो आकडा आला तोच नाव म्हणून ठेवला. पुढे गावं वाढली, काही ओस पडली, सीमा सरकल्या, तरी आकडा तसाच राहिला. शाळेत मी मुलांना हे सांगते तेव्हा ती लगेच बोटांवर मोजायला लागतात आणि हिशेब जुळत नाही म्हणून तक्रार करतात. मला ती तक्रार फार आवडते.

जुन्या मराठीत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर. आधी घरं मोजायची, मग माणसं. जनगणना आजही त्याच क्रमाने चालते, म्हणून हा जुना शब्द मला जास्त नेमका वाटतो.

पोर्तुगीज अमदानीतली शेवटची शिरगणती 1960 साली झाली, तेव्हा गोव्यात सुमारे 5 लाख 90 हजार माणसं होती. 2011 साली 14 लाख 58 हजार 545 झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ अडीचपट. या वाढीतला मोठा वाटा शहरांकडे गेला. 2011च्या आकड्यांप्रमाणे गोव्यातली शंभरांपैकी बासष्ट माणसं शहरात राहतात. हे वाचून बाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं. त्यामागे एक नियम आहे. पाच हजारांवर वस्ती, काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, एवढं जुळलं की पंचायतीचं गावही जनगणनेच्या दप्तरात ‘नगर’ होतं. 2011 साली गोव्यात अशी 56 जनगणना नगरं निघाली, आणि पालिका असलेली शहरं होती फक्त 14. कितीतरी लोक गावात झोपले आणि शहरात जागे झाले.

सांगे या चौदांतलं. सहा-साडेसहा हजारांची वस्ती, पण पालिका आहे, तालुक्याचं ठाणं आहे, म्हणून शहर. बसस्टँडवरून निघालं की बाजार, कचेऱ्या, शाळा, पूल, एवढ्यात गाव संपून झाडं सुरू होतात. नद्या इथे एकत्र येतात, त्या संगमावरून सांगे हे नाव पडलं, असं इथली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. मला ते पटतं. पावसाळ्यात पुलावर उभं राहिलं की वेगवेगळ्या रंगांचं पाणी एकमेकांत शिरताना दिसतं. एक लाल, मातीचं आणि दुसरं जरा काळसर, रानातून आलेलं. काही अंतर ती दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतात. नाव ठेवणारा माणूस अशाच एखाद्या श्रावणात इथे उभा असणार.

बाहेरून येणारे पाहुणे मात्र पाटी वाचून ‘सांगुएम’ म्हणतात. केप्याला ‘केपेम’, पेडण्याला ‘पर्नेम’, डिचोलीला ‘बिचोलिम’. मला पूर्वी राग यायचा. मग एकदा वडिलांच्या जुन्या कागदांत ‘सांगें’, ‘केपें’, ‘पेडणें’ असं मोडी-बाळबोधीत लिहिलेलं पाहिलं आणि उलगडा झाला. आपणही पूर्वी पुणें, ठाणें असं अनुस्वार देऊन लिहीत होतो. कोकणीत तो नाकातला उच्चार आजही जिवंत आहे. पोर्तुगीजांनी तो ऐकला आणि त्यांच्या भाषेत नाकातला स्वर दाखवायला शेवटी जो ‘एम’ लावतात तो लावला. त्यांच्या तोंडीही तो ‘म’ नव्हताच. मराठीने 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडून दिले. पुण्यावरचं टिंब गेलं, ठाण्यावरचं गेलं, आमच्या गावांवरचंही मराठीत गेलं. फक्त रोमन लिपीतल्या पाट्यांवर ते ‘एम’ होऊन बसलं आहे. आता ‘सांगुएम’ ऐकलं की मी पाहुण्याला हे सगळं सांगत बसते. त्याची बस सुटत असली तरी.

पण सांगायचं आहे ते कुर्डीबद्दल.

साळावली नदीच्या काठचं हे गाव. भाताची शेतं, माड, काजू, आंबे, फणस. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी मिळून सुमारे तीन हजार माणसं. देवळं, एक कपेल म्हणजे छोटं चर्च, एक दर्गा. साळावलीवर धरण बांधायचं ठरलं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात येऊन लोकांशी बोलले होते, साऱ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असं त्यांनी सांगितलं होतं, असं तिथले जुने लोक सांगतात. 1986च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं. सहाशेहून अधिक कुटुंबं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत आली. कदंबकालीन महादेवाचं देऊळ एकेक दगड उतरवून धरणाजवळ नेलं आणि पुन्हा उभं केलं. आज साळावलीला सहली जातात, बदकाच्या चोचीच्या आकाराच्या सांडव्यात कोसळणारं पाणी बघतात, बागेत डबे सोडतात आणि परत जाताना ते देऊळही बघतात. मडगावात नळ सोडला की येतं ते हेच पाणी. मी तिथे बहिणीकडे राहायला गेले की पहिला तांब्या भरताना मला दर वेळी आठवण होते.

मराठी वाचकाला कुर्डी हे नाव नवीन नाही. फक्त त्याला ते गाव म्हणून माहीत नाही. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर 15 जुलै 1904 रोजी या गावात जन्मल्या. लहानपणीच गाव सोडावं लागलं, पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम झाली, 1974 साली पद्मभूषण मिळालं, आणि किशोरीताई आमोणकरांसारखी लेक त्यांनी घडवली. मैफलीच्या जाहिरातीत, रेडिओच्या निवेदनात, तबकडीच्या वेष्टनावर त्यांच्याबरोबर कुर्डी येत राहिली. गाव बुडालं तेव्हा मोगूबाई होत्या. 2001 साली त्या गेल्या. आकाशवाणीवर त्यांचं ध्वनिमुद्रण लागतं, निवेदिका पूर्ण नाव घेते, आणि साळावलीच्या पाण्याखालचं एक गाव उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याशा घरात ऐकू जातं.

त्या पिढीतल्या अनेक गोमंतकीय गायिकांनी आडनाव म्हणून गावच लावलं. ज्या घरांत त्या जन्मल्या तिथे बापाचं नाव लावायची सोय समाजाने ठेवली नव्हती. वडिलांच्या जागी गाव उभं राहिलं. याचा विचार करताना माझा गळा भरून येतो. त्या बायकांना गावाने फार काही दिलं होतं असं नाही, पण त्यांनी गावाला जे दिलं त्याला तोड नाही. फोंड्याजवळच्या केरीचं नाव केसरबाई केरकरांनी असं नेलं की 1977 साली व्हॉयेजर यानं निघाली तेव्हा त्यांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी होती. ती यानं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत. मंगेशीचं नाव मंगेशकरांनी कुठवर नेलं, ते वेगळं सांगायला नको.

आणि एवढी मोठी माणसं कशाला? कुठल्याही मराठी शाळेचं हजेरीपत्रक काढा. शिरोडकर, प्रियोळकर, नार्वेकर, काकोडकर, बोरकर, लोटलीकर, रिवणकर, पेडणेकर, फातर्पेकर. दादर-गिरगावातल्या वर्गात बसलेल्या या पोरांपैकी कितीजणांनी ते गाव डोळ्यांनी पाहिलं असेल? काहींना ते गोव्यात आहे हेही ठाऊक नसतं. एखाद्या रिवणकराला मी “रिवणात आमचे सोयरे आहेत” म्हटलं की तो गोंधळून माझ्याकडे बघतो. तरी सही करताना दिवसातून चारदा गावाचं नाव लिहितो. कुर्डीची माणसं हलवायला कुर्डीत आले ते बांदोडकरही बांदोड्याचं नाव घेऊनच आले होते.

म्हणून मला गावाची लोकसंख्या हा आकडा अपुरा वाटतो. जनगणना विचारते, अमुक रात्री या हद्दीत किती माणसं होती. तिचं काम तेवढंच आणि ते महत्त्वाचं आहे. शाळा, दवाखाना, रेशन, नळ सगळं त्यावर ठरतं. मी ते काम मनापासून केलं आहे आणि बोलावलं तर पुन्हा करीन. पण कुणी मला विचारलं की कुर्डीचे लोक किती, तर त्या रात्रीच्या हद्दीवर मी थांबणार नाही. वाड्यातले, वालकिणीतले, लग्न होऊन केप्या-कुडचड्याला गेलेल्या लेकी, मुंबईचे कुर्डीकर, सगळे धरून सांगीन.

महाराष्ट्रातल्या महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला एक शब्द आहे, ‘बेचिराग’. गावाचं नाव, हद्द, शिवार सगळं कागदावर शाबूत, पण माणूस नाही. चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. हा शब्द मी पहिल्यांदा सोलापूरकडच्या एका मैत्रिणीकडून ऐकला. दुष्काळाने, प्लेगाने उठलेली गावं तिने पाहिली होती. कारकुनी भाषेत एवढा हळवा शब्द कसा टिकला याचं मला नवल वाटत राहिलं. ती सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुर्डी होती, आणि मी तिला म्हटलं की आमचं एक गाव आहे, त्याला हा शब्द अकरा महिनेच लागू पडतो.

कारण मे महिन्यात पाणी उतरतं.

त्या फेब्रुवारीत निघताना आजीने मला बोलावून ठेवलं होतं, “मे म्हयन्यांत यो, दाखयतां.” मी गेले. धरणाचं पाणी खाली गेलं की आधी गाळाची जमीन उघडी पडते, तडे गेलेली, पायाखाली कुरकुरणारी. मग पूल, विहिरी, रस्ता, जांभ्याची जोती. भिंती कधीच विरघळल्या आहेत, पण चिऱ्याचं जोतं पाण्यात राहूनही हलत नाही. माडांचे बुंधे कमरेएवढे, वरून तासल्यासारखे. सोमेश्वराच्या देवळाशी त्या दिवशी उत्सव होता. ख्रिस्ती मंडळीही याच दिवसांत आपल्या कपेलाच्या जागी जमतात, फेस्त करतात. जीप, स्कूटर, टेंपो, जमेल त्यावर बसून माणसं आली होती. वसाहतीत जन्मलेली पोरं गाळातून शिंपले वेचत होती, आणि म्हातारी माणसं सरळ आपापल्या वाटेने चालत होती. वाटा तर दिसतच नव्हत्या. जिथे सपाट गाळ होता तिथे ती वळत होती, कारण तिथे पूर्वी कुंपण होतं.

मोगूबाईंच्या घराचं जोतं मला एका काकांनी दाखवलं. मी पायरीवर हात ठेवला. उन्हाने तापलेला दगड, खाचांत वाळलेलं शेवाळ.

आजी पुढे गेली होती. तिचं घर म्हणजे तीन पायऱ्या, जोतं आणि समोर तुळशीवृंदावन, एका बाजूने खचलेलं. तिने पिशवीतून पणती काढली, वात घातली, तेल घातलं. वारा होता, चार काड्या गेल्या. नातवाने दोन्ही हातांचा आडोसा धरला तेव्हा वात पेटली. तो दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याच्या जन्मस्थानाच्या रकान्यात मी कुर्डी लिहिलं नव्हतं.

जनगणनेची खोड जात नाही. मी सहज विचारलं, “आजी, तुमच्या घराचा नंबर काय होता?” वसाहतीत प्रत्येक दाराच्या चौकटीवर आदल्या साली घातलेला नंबर होता, तोच मी फॉर्मवर उतरवत फिरले होते.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या माणसाचा नंबर विचारला. मग ती जोत्यावर उभी राहिली आणि हाताने एकेक दिशा दाखवत सांगू लागली. हें आमचें, व्हाळादेगेवेलें, म्हणजे ओढ्याकाठचं. तें आंब्यामुळावेलें. ताच्या फाटलें कोनशावेलें. पलतडी दिसता तें देवळामुखावेलें. तिच्या बोटापुढे कुठे जोतं होतं, कुठे नुसताच गाळ होता, कुठे अजून पाणी होतं. ती कुठेच अडखळली नाही. नातू माझ्याशेजारी उभा राहून पुटपुटत होता. आधी मला वाटलं मोजतोय, मग लक्षात आलं की आजी म्हणते ते नाव तो तिच्यामागून म्हणत होता.